बेटावर जाऊन राहायचंय? आधी पाणी मोजा, मग सातबारा बघा

निकाल लागला की पारावर आणि चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "बास झालं हे. कुठंतरी बेटावर जाऊन राहावं. ना निवडणूक, ना पुढारी." वैतागायला कारणं आहेतच. काल एका झेंड्याखाली घसा बसेपर्यंत ओरडणारा आज दुसऱ्या झेंड्याखाली उभा असतो. आरक्षणाच्या वादानं गावागावांत बोलणी बंद होतात. २०२२ नंतर कैक जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षं प्रशासकच बसून राहिला. बहुतेकांचा हा वैताग पेरणी तोंडावर आली की उतरतो. काहीजण मात्र खरोखर नकाशा उघडून बसतात आणि जहाजाचं भाडं विचारतात. हे लिखाण त्यांच्यासाठी.

(आपल्या भाषेत बेट म्हटलं की आधी काळं पाणी आठवतं. राजकारण केलं म्हणून सरकार तिकडं धाडायचं. आता राजकारण नको म्हणून लोक आपणहून निघालेत.)

सुरुवात देशातल्याच बेटांपासून करू, कारण तिथं पासपोर्ट लागत नाही. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप हे दोन्ही केंद्रशासित प्रदेश आहेत आणि दोन्हीकडं विधानसभा नाही. अंदमानात नायब राज्यपाल, लक्षद्वीपला प्रशासक. लोकसभेला प्रत्येकी एकच खासदार. म्हणजे जिल्हा परिषदेवर प्रशासक बसला म्हणून चिडून निघालेला माणूस जिथं कायमचाच प्रशासक आहे तिथं जाऊन पोचतो. लक्षद्वीपच्या लोकांनी २०२१ च्या जूनमध्ये प्रशासनाच्या नव्या मसुद्यांविरुद्ध घराघरांत बारा तासांचं उपोषण केलं होतं. विकासाच्या नावाखाली जमीन काढून घेतली जाईल ही त्यांची मुख्य भीती होती. ही भीती आपल्याला काही नवी नाही.

लक्षद्वीपला निव्वळ फिरायला जायचं तरी प्रवेश परवाना लागतो. त्याचे नियम १९६७ चे आहेत. बेटं ३६, वस्ती १० बेटांवर आणि सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर. आपल्याकडच्या चार-पाच गावांचं शिवार धरा. त्यावर २०११ च्या जनगणनेत ६४,४७३ माणसं होती. जवळजवळ सगळे मूळ रहिवासी अनुसूचित जमातीत येतात, आणि १९६४ च्या नियमामुळं त्यांची जमीन प्रशासकाच्या मंजुरीशिवाय बाहेरच्याच्या नावावर होत नाही. कुणी एजंट "बेटावर प्लॉट" म्हणून व्हॉट्सअपवर फोटो टाकत असेल, तर त्याला पहिला प्रश्न हाच विचारा की मंजुरीचा आदेश कुठं आहे. नोकरी, सरकारी बदली किंवा एखाद्या गुत्तेदाराचं काम मिळालं तर राहता येतं. काम संपलं की परत.

अंदमानच्या मुख्य बेटांना भारतीयांना परवाना लागत नाही. बंगाली, तमिळ, हिंदी सगळं चालतं, आणि २०११ ला लोकसंख्या ३,८०,५८१ होती, म्हणजे माणूस अगदीच एकटा पडत नाही. अडचण जमिनीची. सुमारे चार पंचमांश भाग जंगल आहे. आदिवासी राखीव क्षेत्रांत १९५६ च्या नियमानं पाऊल टाकायलाही बंदी आहे. २०१८ मध्ये नॉर्थ सेंटिनलवर विनापरवाना उतरलेला अमेरिकन तरुण जिवानिशी गेला. उरलेली महसुली जमीन थोडी आणि महाग. त्यात एक जागा आवर्जून टाळायची: २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपानंतर खचलेली. त्सुनामीचं पाणी ओसरलं, पण दक्षिण अंदमानचा किनाराच खाली बसला. सिप्पीघाटसारख्या भागात भाताच्या खाचरांत समुद्र शिरला तो राहिलाच. निकोबारच्या टोकाला इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून अधिक खचली. म्हणून स्वस्तातली सखल जमीन बघायची ती मोठ्या भरतीच्या दिवशी, अमावस्या-पौर्णिमेला. ओहोटीला सगळीच जमीन कोरडी दिसते.

आता परदेशातली बेटं. इथं गोंधळ जास्त आहे, कारण मोबाईलवर फिरणारे व्हिडिओ "व्हिसा लागत नाही" एवढंच सांगून थांबतात.

ते बोलतात स्वालबार्डबद्दल. उत्तर ध्रुवाजवळचा हा द्वीपसमूह नॉर्वेचा आहे, पण १९२० च्या करारामुळं तिथं राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र २००८ पासून तिथंच आहे. न सांगितली जाणारी गोष्ट अशी की विमान नॉर्वेतून जातं, त्यामुळं शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) व्हिसा लागतो आणि तोही दोनदा प्रवेशाचा, कारण स्वालबार्ड शेंगेनच्या हद्दीबाहेर धरतात. एकदाच प्रवेशाचा घेतला तर स्वालबार्डला पोचता येतं, पण परतीच्या वाटेवर नॉर्वेत उतरता येत नाही. दुसरं, तिथं पोट स्वतः भरायचं. सरकारी मदत नाही, आणि पैसे संपले तर राज्यपालाला तुम्हाला परत पाठवण्याचा अधिकार आहे. घरं बहुतेक कंपन्यांची किंवा सरकारची, ती नोकरीबरोबर मिळतात. म्हणून क्रम उलटा ठेवायचा: आधी नोकरीचं पत्र, मग तिकीट. बाळंतपण बेटावर होत नाही, गरोदर बाईला मुदतीआधी मुख्य भूमीवर जावं लागतं. वस्तीबाहेर पाय टाकायचा तर अस्वलांपासून बचावाची साधनं जवळ असावी लागतात. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही.

आणि राजकारणाला कंटाळून जाणाऱ्यांनी हे नीट वाचावं. २०२२ मध्ये नियम बदलला. जे नॉर्वेचे नागरिक नाहीत आणि ज्यांनी नॉर्वेच्या मुख्य भूमीवर तीन वर्षं काढलेली नाहीत, त्यांचा लाँगइयरबेन या तिथल्या मुख्य गावाच्या स्थानिक निवडणुकीतला मतदानाचा हक्क गेला. वर्षानुवर्षं तिथं राहणाऱ्या थाई आणि फिलिपिनो लोकांना याचा फटका बसला. इथं मत देऊन उपयोग नाही म्हणणारा माणूस तिथं मताशिवाय राहतो. कर मात्र भरावा लागतो.

त्रिस्तान दा कुन्हा हे दक्षिण अटलांटिकमधलं ब्रिटिश बेट, केपटाऊनपासून सुमारे २,८०० किलोमीटर. विमानतळ नाही. जहाज आठवडाभर घेतं, वर्षात फेऱ्या मोजक्याच, आणि लाटा मोठ्या असल्या तर समोर गाव दिसत असूनही उतरता येत नाही. वस्ती अडीचशेच्या आत, आडनावं मोजकीच. सगळी जमीन सामायिक, बाहेरच्याला विकत मिळत नाही आणि कायम राहायची सोयही नाही. भेट द्यायलासुद्धा बेटाच्या कौन्सिलची आगाऊ परवानगी लागते. १९६१ मध्ये ज्वालामुखी फुटला तेव्हा अख्खं गाव इंग्लंडला हलवलं होतं. १९६३ ला बहुतेक सगळे परत आले. ज्यांचं बेट आहे ते परत येतात. आपण तिथं पाहुणेच.

पिटकर्न हे प्रशांत महासागरातलं ब्रिटिश बेट त्यातल्या त्यात नवीन माणसांना बोलावतं, कारण लोकसंख्या पन्नासच्याही खाली आलीय. अर्ज, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी, स्वतःचा खर्च स्वतः उचलता येतो याचा पुरावा, एवढं द्यावं लागतं. वाट ताहिती आणि मांगारेव्हा या फ्रान्सच्या बेटांवरून, पुढं दीड दिवस जहाज, शेवटी लाँगबोट. भारतीय पासपोर्टवाल्यानं ताहितीचा व्हिसा शेंगेनपेक्षा वेगळा आहे हे लक्षात ठेवावं. फ्रान्सच्या मुख्य भूमीचा व्हिसा तिथं चालत नाही. या बेटाचा इतिहासही डोळ्याआड करू नये. १७९० मध्ये बंडखोर खलाशी इथं येऊन लपले, आणि २००४ मध्ये मुलींवरच्या लैंगिक अत्याचारांचे खटले चालले, ज्यांत बेटावरचे बरेचसे कर्ते पुरुष आरोपी होते. एवढ्याशा वस्तीत तक्रार कुणाकडं करायची हा प्रश्न तिथल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या होता.

हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. इथं सरपंचाशी बिनसलं तर तहसीलला जाता येतं, तहसीलदारानं ऐकलं नाही तर संभाजीनगरला खंडपीठ आहे, अगदीच नाही तर दुसऱ्या गावात भाड्यानं राहता येतं. बेटावर होडी ज्याच्या हातात, जनरेटरची किल्ली ज्याच्याकडं आणि दुकानाची उधारीची वही ज्याच्याकडं, तोच सत्ताधारी. त्यात हे तिघं एकमेकांचे सोयरे असतात. म्हणून राहायला जाण्याआधी तीन नावं काढायची: माल कोण आणतो, पाणी कोण सोडतो, आजारी माणसाला बाहेर काढायचा निर्णय कोण घेतो.

पाण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण मराठवाड्याचा माणूस इथंच फसतो. आपल्याला पाण्याची टंचाई माहीत आहे म्हणून आपण तयार आहोत, असं त्याला वाटतं. टंचाई माहीत असते, पण सवय चुकीची असते. आपली सवय बोअर मारायची. पाचशे फुटाला लागलं नाही तर आठशे, नाही तर दुसरा पॉइंट.

लक्षद्वीपसारख्या प्रवाळ बेटाखाली खडकातलं पाणी नसतं. पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगत असतं, कारण ते हलकं असतं. गोड्या पाण्याची घनता १,००० धरली तर समुद्राची १,०२५. या फरकामुळं समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी तगून राहतं. उलट बाजूनं बघा: पंप लावून पातळी एक फूट खाली ओढली की खालचं खारं पाणी हळूहळू चाळीस फूट वर यायला बघतं. मोटारीखाली तर ते शंकूसारखं उपसून येतं. बोअर खोल मारला तर थेट समुद्रातच गेला. म्हणून तिथल्या विहिरी दोन-चार मीटरच्याच, आपल्या जुन्या आडांसारख्या, आणि उपसा थोडा थोडा, दिवसभर विभागून. अर्ध्या एचपीची मोटार तासभर सलग चालवण्यापेक्षा दहा-दहा मिनिटं सहा वेळा चालवलेली बरी. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर हजारेक रुपयांच्या आत मिळतो, तो खिशात ठेवायचा. भारतीय मानकात पिण्यासाठी ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतं. आठवडाभरात आकडा चढत गेला तर उपसा थांबवायचा आणि पावसाची वाट बघायची. विहीर एकदा खारी झाली की एका पावसानं गोडी होत नाही.

घरातला आरओ इथं कामाचा नाही. तो साधारण २,००० टीडीएसपर्यंतच्या पाण्यासाठी बनवलेला असतो. समुद्राचं पाणी ३५,००० च्या घरात, त्याला पन्नास-साठ बारचा दाब लागतो. कवरत्तीला २००५ मध्ये समुद्राच्या खोलातलं थंड पाणी वापरून गोडं पाणी करायचा प्रकल्प झाला, रोज एक लाख लिटरचा. तो सरकारी प्रकल्प आहे, घरगुती सोय नव्हे.

मग उरतं छतावरचं पाणी, आणि त्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ६० चौरस मीटर छत, लक्षद्वीपचा साधारण १,६०० मिलिमीटर पाऊस, गळती-उडती वजा जाता आठ दशांश धरा: ७६,८०० लिटर. तेच छत लातूरला ७०० मिलिमीटरवर ३३,६०० लिटर देतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वे आली, तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. म्हणजे बेटावरचं छत वर्षाला दीड वाघीण देतं. ऐकायला भरपूर, पण पडतं सगळं पावसाळ्यात आणि डिसेंबर ते एप्रिल जवळजवळ कोरडे. चार माणसं, माणशी ६० लिटर, १५० दिवस म्हणजे ३६,००० लिटर साठवण. नुसतं प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी १५ लिटर धरलं तर ९,००० वर भागतं, आंघोळ-धुणं विहिरीच्या मचूळ पाण्यावर. पहिल्या पावसाचे पहिले दोन मिलिमीटर, म्हणजे या छताचे १२० लिटर, वेगळ्या ड्रममध्ये सोडून द्यायचे. त्यात पक्ष्यांची विष्ठा आणि मीठ उतरतं. शोषखड्डा विहिरीपासून शक्य तितका लांब, आणि तोही पाणी ज्या बाजूला वाहतं त्या बाजूला. प्रवाळाची वाळू चाळणीसारखी असते, आपल्या काळ्या मातीसारखी ती घाण अडवत नाही.

बांधकामाला गुत्तेदार म्हणेल, वाळू समोरच आहे, फुकट. ती उचलणं बेकायदेशीर तर आहेच, शिवाय तिच्यातलं मीठ सळई खातं. चार-पाच वर्षांत स्लॅबचे पोपडे खाली येतात. सोलर पॅनलच्या स्टँडला, दाराच्या बिजागरीला साधं लोखंड नको. ३०४ नंबरच्या स्टीललाही खाऱ्या वाऱ्यात तांबूस डाग पडतात, किनाऱ्यावर ३१६ लागतं. विजेचं म्हणाल तर एक किलोवॅटचे पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला चार युनिट देतात, भर पावसाळ्यात निम्म्याच्या खाली येतात. छोटा फ्रिज, दोन पंखे, दिवे आणि पंप मिळून तीन युनिट लागतात. बाकीचा हिशेब कुठलाही सोलरवाला करून देईल.

खाण्याचा प्रश्न भाकरीपाशी अडतो. लक्षद्वीपला माल नेणाऱ्या होड्या पावसाळ्याचे चार महिने बंद असतात, मोठ्या जहाजावर सगळं अवलंबून, आणि त्यातून येतो तो तांदूळ. ज्वारी न्यायची तर चार माणसांना चार महिन्यांना दीडशे किलो धरा. दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवून, हवाबंद ड्रममध्ये काठोकाठ भरून. ड्रम अर्धा रिकामा राहिला की आतल्या हवेवर सोंडे जगतात. पीठ करून नेऊ नका, दमट हवेत आठ-दहा दिवसांत कडू होतं. घरगुती चक्की न्या. परदेशी बेटांवर मात्र बी-बियाणं, धान्य, मातीचा डाग लागलेली चप्पलसुद्धा बंदरावर अडू शकते. तिथलं पीक किडीपासून वाचवायचा दुसरा मार्ग त्यांच्याकडं नसतो.

आता गावाकडची बाजू. इथं चूक झाली तर बेटावरून दुरुस्त होत नाही.

शेवटचा गट विकू नका. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. नेटवर सगळीकडं कुळकायद्याचं कलम ६३ सापडतं, पण ते पश्चिम महाराष्ट्राचं. मराठवाड्याला १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा लागू आहे आणि त्यात कलम ४७. नावावरचा शेवटचा गुंठाही गेला की शेतकरी असल्याचा दाखला कुठून आणणार? परदेशी जाऊन अनिवासी झालात तर फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) नियमानं नवीन शेतजमीन घेताच येत नाही. आधीची ठेवता येते, वारसानं आलेलीही. पीएम-किसानचा हप्ता मात्र बंद होतो.

जाण्याआधी मोजणी करून घ्या आणि नकाशाची 'क' प्रत दोन ठिकाणी ठेवा. मालक दिसत नाही म्हटल्यावर बांध दरवर्षी वीतभर सरकतो. बटईनं देणार असाल तर मुदत घालून लेखी करा. ई-पीक पाहणी शेतात उभं राहून मोबाईलवरूनच होते, तेव्हा कोण करणार ते नावानिशी ठरवा. मुखत्यारपत्र निघण्याआधीच दुय्यम निबंधकाकडं नोंदवा, ठरावीक कामांपुरतंच. सर्वाधिकाराचं देऊ नका, सख्ख्या भावालाही. परदेशातून केलेलं मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावं लागतं, आणि त्रिस्तानचं जहाज तुमच्या तीन महिन्यांसाठी थांबत नाही. बँकेतलं साधं खातं अनिवासी झाल्यावर एनआरओ (अनिवासींचं खातं) करून घ्यावं लागतं. आधारला जोडलेलं सिम जिथं रोमिंग नाही तिथं गेलं की ओटीपी येत नाही, आणि ओटीपीशिवाय आज काहीच हलत नाही. परदेशात पैसे न्यायची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. आपल्यातल्या बहुतेकांना ती आड येणार नाही.

मतदार यादीतलं नाव रागारागानं काढून टाकू नका. देशातल्या बेटावर गेलात तर फॉर्म ८ भरून तिकडं हलवा. परदेशात गेलात आणि नागरिकत्व भारताचंच राहिलं तर ६ए भरून इथल्या गावात नाव ठेवता येतं, मात्र मत द्यायला पासपोर्ट घेऊन केंद्रावर स्वतः यावं लागतं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मत देता येत नाही आणि शेतजमीनही विकत घेता येत नाही.

औषधांचं एक. इन्सुलिन २ ते ८ अंशांत लागतं आणि जहाज उशिरा आलं तर दुकानात नसतं. घरात रक्तदाब, साखर किंवा हृदयाचा रुग्ण असेल तर हेलिकॉप्टर येतं तिथपर्यंतचीच बेटं बघा. लक्षद्वीपहून रुग्ण कोचीला हवाई मार्गानं नेतात. त्रिस्तानहून जहाजाशिवाय वाट नाही.

पहिली भेट सगळ्यात वाईट मोसमात द्या: लक्षद्वीप जुलैत, स्वालबार्ड डिसेंबरात, अंदमान पावसाच्या ऐन भरात. किमान सहा आठवडे, भाड्यानं. परतीच्या भाड्याचे पैसे वेगळ्या मुदतठेवीत, त्याला हात लावायचा नाही. आणि त्याही आधी येत्या मे महिन्यात घरीच करून बघा: माणशी ६० लिटर पाणी मोजून, महिन्यातून एकच बाजार, रोज तीन युनिटच्या आत वीज, आणि ज्या शेजाऱ्याशी बोलणं नाही त्याच्याकडूनच रोजचं दूध.